दोन देशांमधून घरी: आंतरराष्ट्रीय दत्तकाची वाट पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

दत्तक घ्यायचं ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही चूक केली. देश आधी निवडला. तिथल्या मुलांचे फोटो पाहिले, दोन पुस्तकं मागवली, भाषेचा एक धडासुद्धा ऐकला. मग कळलं की आम्ही राहत होतो त्या देशातून तिथे अर्जच घेत नाहीत. तीन महिने गेले. हा लेख त्या तीन महिन्यांपासून इतरांना वाचवण्यासाठी आहे. आम्ही सहा आणि चार वर्षांच्या दोन भावंडांना घरी आणलं, त्याला आता पाच वर्षं होतील.

सुरू करण्याआधी: चित्र नीट बघा

'जगात इतकी अनाथ मुलं आहेत, मग एक मूल मिळायला इतका त्रास का?' हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. मीही विचारायचे. उत्तराचा एक भाग 'अनाथ' या शब्दातच आहे. युनिसेफच्या आकडेवारीत आई किंवा वडील यांपैकी एक गेलेलं मूलही अनाथ धरलं जातं. अशी बहुतेक मुलं हयात असलेल्या आई किंवा वडिलांकडे, नाहीतर आजी, मामा, काकांकडे राहत असतात. त्यांना नवं कुटुंब नकोय, असलेल्या कुटुंबाला आधार हवाय.

दुसरा भाग कायद्यात आहे. २९ मे १९९३ रोजी झालेला हेग दत्तक करार, म्हणजे परदेशी दत्तकाबद्दलचा देशादेशांमधला करार, या साऱ्या प्रक्रियेचा पाया. त्याचा क्रम असा: आधी मुलाचं स्वतःचं कुटुंब, ते शक्य नसेल तर त्याच्याच देशात दुसरं कुटुंब, आणि तेही मिळालं नाही तरच परदेश. म्हणजे आपला नंबर शेवटचा, आणि तो तसाच असायला हवा.

त्यामुळे परदेशी दत्तकाची संख्या सतत उतरत गेली आहे. अमेरिकेत २००४ साली सुमारे २३ हजार मुलं अशी आली. २०२३ मध्ये तेराशेही नाहीत. ग्वाटेमालाने २००७ अखेर जुनी पद्धत बंद केली. रशियाने २०१३ पासून अमेरिकन कुटुंबांना मुलं देणं थांबवलं. इथिओपियाने २०१८ मध्ये दार लावलं. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, जवळच्या नात्यातले अपवाद सोडून, कार्यक्रमच संपवला. नेदरलँड्सने त्याच वर्षी स्वतःच्या नागरिकांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. फाइल अर्ध्यावर असताना देश बंद झाला, असं घडलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

आज जी मुलं वाट बघत असतात ती बहुतेक वयाने मोठी असतात, किंवा दोन-तीन भावंडं एकत्र असतात, किंवा त्यांना औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, विशेष शिक्षणाची गरज असते. मनात पाळण्यातलं निरोगी बाळ असेल तर इथेच थांबून घरात एकदा मोकळं बोला. परदेशातून असं बाळ 'लवकर' मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

पायरी १: तुम्ही राहता कुठे?

नागरिकत्व कुठलं, हा प्रश्न नंतर येतो. हेग करारानुसार अर्ज तुम्ही प्रत्यक्ष राहता त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जातो. तिथून तो मुलाच्या देशाच्या प्राधिकरणाकडे. भारतात हे प्राधिकरण म्हणजे 'कारा'. परस्पर एखाद्या बालगृहात जाऊन मूल 'पसंत' करण्याला या रचनेत जागाच नाही.

मग एक कागद घेऊन दोन रकाने आखा: आपल्या देशाच्या अटी आणि मुलाच्या देशाच्या अटी. वय, लग्नाची वर्षं, एकट्या व्यक्तीला परवानगी आहे का, घरात आधीची मुलं किती, कुठले आजार चालत नाहीत. दोन्ही रकान्यांत बसलात तरच पुढे जा. नमुना म्हणून भारताच्या २०२२ च्या नियमावलीतल्या काही अटी बघा. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं, लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दुसऱ्या देशात हे सगळे आकडे वेगळे असतील.

दोन्ही देश करारात आहेत का, हेही आत्ताच पाहा. मुलाचा देश करारात नसेल तर कागदपत्रं आणि व्हिसाचा मार्ग बदलतो, आणि मुलाच्या हक्काची तपासणी बरीचशी तुमच्या सावधपणावर येऊन पडते. ज्या देशांत इस्लामी कायदा चालतो तिथे अनेक ठिकाणी पूर्ण दत्तक नसतंच, 'कफाला' म्हणजे पालकत्वासारखी व्यवस्था असते. तुमचा देश तिला दत्तक मानेलच असं नाही.

जाता जाता नात्यातल्या दत्तकाबद्दल. बहिणीचं मूल परदेशी न्यायचंय, मग घरातल्या घरात दत्तकलेख केला की झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. नातं सख्खं असलं तरी दोन्ही देशांच्या प्राधिकरणांतून जावंच लागतं. नाहीतर मूल कायद्याने तुमचं आणि विमानात मात्र बसू शकत नाही, अशी कोंडी होते.

पायरी २: एजन्सी निवडणं

दोन्ही देशांत मान्यता असलेलीच एजन्सी घ्या, आणि ती मान्यता एजन्सीच्या माहितीपत्रकावर न पाहता प्राधिकरणाच्या यादीत शोधा. आम्ही नंतर शिकलो ते प्रश्न तुम्ही पहिल्या भेटीतच विचारा. गेल्या दोन वर्षांत या देशातून तुमच्याकडे किती मुलं आली? किती कुटुंबं अजून थांबलीयत? देश बंद झाला तर भरलेल्या पैशांचं काय? मूल घरी आल्यावर सहा महिन्यांनी अडचण आली तर फोन कोण उचलणार?

शेवटच्या प्रश्नावर एका एजन्सीतल्या बाईंनी हसून 'अहो, तोपर्यंत सगळं छान झालेलं असतं' असं म्हटलं. आम्ही चहा संपवून उठलो.

खर्चाचा तपशील बाबवार, लेखी घ्या. करारात कुणालाही गैरवाजवी आर्थिक फायदा घेण्याला मनाई आहे; खर्च आणि वाजवी फी तेवढी चालते. बालगृहाला रोख 'देणगी', ओळखीने पुढचा नंबर, पावती न देणारा मधला माणूस यांतलं काहीही आलं की मागे फिरा. आणखी एक खूण: सगळ्या परवानग्या पूर्ण होण्याआधी कुणी मुलाच्या आईशी किंवा सांभाळणाऱ्यांशी तुमची गाठ घालून देत असेल, तर नात्यातल्या दत्तकासारखे मोजके अपवाद सोडता ते कराराच्या विरुद्ध आहे. कारण साधं आहे. गरजू आईसमोर पैसेवालं जोडपं बसलं की तिची संमती मोकळी राहत नाही. जन्मदात्या आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची, ही अटही त्यासाठीच.

पायरी ३: होम स्टडी

याला कागदोपत्री गृह अध्ययन अहवाल म्हणतात, बोलताना सगळे होम स्टडीच म्हणतात. सामाजिक कार्यकर्ती घरी येते, काही वेळा तुम्हाला एकत्र भेटते, काही वेळा वेगवेगळं. लोक आदल्या दिवशी पडदे धुतात. मीही धुतले. तिने पडद्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. औषधांचं कपाट किती उंचीवर आहे ते पाहिलं, गॅलरीच्या कठड्याला हात लावून पाहिला, आणि मग दोन तास नुसतं बोलली.

तुमचं बालपण कसं होतं? वडील रागावले की काय करायचे? मूल होत नाही हे कळल्यावर तुम्ही दोघं त्यातून कसे गेलात, की अजून जाताय? मग माझ्या नवऱ्याला तिने विचारलं, 'मूल रात्री तीन वाजता किंचाळत उठलं, तुम्ही जवळ गेलात आणि त्याने तुम्हालाच चावलं, तर?' तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, 'माहीत नाही. बहुतेक दाराजवळ जमिनीवर बसेन.' तिने लिहून घेतलं. मला वाटलं संपलं सगळं. अहवाल हातात आला तेव्हा तेच वाक्य आमच्या बाजूने नोंदवलेलं होतं.

पाठ केलेली उत्तरं देऊ नका. कर्ज आहे, पूर्वी नैराश्यावर औषध घेतलंय, सासूबाईंचा विरोध आहे, जे असेल ते आपणहून सांगा. यातलं बरंचसं चालून जातं. लपवलेलं मागाहून बाहेर पडलं तर अर्ज तिथेच संपतो. मुलाचं वय, आजार, भावंडं यांबद्दल कशाला तयार आहात आणि कशाला नाही, हेही याच वेळी लिहायचं असतं. 'आम्ही कुठल्याही मुलाला तयार आहोत' हे ऐकायला उदार वाटतं, पण त्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

बहुतेक देशांत पालकांचं प्रशिक्षणही सक्तीचं आहे. अमेरिकेत हेग दत्तकासाठी किमान दहा तास. मला ते फार कमी वाटतात.

पायरी ४: फाइल

जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी, नोकरीचं पत्र, बँकेचे उतारे, संदर्भपत्रं, घराचे आणि कुटुंबाचे फोटो, होम स्टडी, आपल्या सरकारची पात्रता-मंजुरी. बहुतेकांना नोटरी, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकारकडून मिळणारं प्रमाणपत्र), आणि मुलाच्या देशाच्या भाषेत अधिकृत भाषांतर. १९६१ च्या अपोस्टिल करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाचे शिक्के लागतात. ते जास्त वेळखाऊ.

इथे दोन गोष्टी लोकांना रडवतात. पहिली, नाव. एका दाखल्यावर लग्नाआधीचं, दुसऱ्यावर नंतरचं, तिसऱ्यावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. फाइल बांधण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुसरी, मुदत. पोलीस दाखला आणि वैद्यकीय अहवाल शिळे होतात, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. आम्ही वैद्यकीय तपासणी हौसेने सगळ्यात आधी उरकली. फाइल तिकडे पोचेपर्यंत ती बाद झाली होती. उलट क्रमाने जा: न बदलणारे दाखले आधी, शिळे होणारे शेवटी. फ्रिजच्या दारावर तारखांचा तक्ता लावा.

पायरी ५: वाट बघणं

यावर कुणी काही शिकवू शकत नाही. महिने जातात, काही वेळा वर्षं. मुलाची खोली पूर्ण सजवून ठेवू नका, दार उघडवत नाही. त्यापेक्षा भाषा शिका.

पायरी ६: फोन येतो

एका मुलाची माहिती पाठवली जाते: फोटो, वैद्यकीय अहवाल, वाढीचा तक्ता, संस्थेत कसं आलं याची हकिगत. उत्तराला मुदत असते. फोटो उघडला की आपली विचारशक्ती संपते, म्हणून मी नवऱ्याला आधी कागद वाचायला लावले आणि फोटो नंतर बघितले. (खोटं कशाला बोलू, मी आधीच बघितले होते.)

कागद दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी पाठवा. त्यांना एका वजनाने समजत नाही; वेगवेगळ्या तारखांची उंची, वजन आणि विशेषतः डोक्याचा घेर लागतो. संस्थेत वाढलेलं मूल लहानखुरं असणं अपेक्षितच आहे. दर तीन महिन्यांमागे सुमारे एक महिन्याची वाढ मागे पडते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे, आणि घरी आल्यावर यातली बरीच भरून निघते. पण संस्थेतला काळ किती आणि कुठल्या वयातला, याला महत्त्व आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबांत (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत) ठेवलं गेलं, आणि वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची प्रगती, विशेषतः माणसांशी जोडलं जाण्यात, जास्त चांगली दिसली. मोठ्या मुलाला घेऊ नका, असा याचा अर्थ मी काढत नाही; आम्ही घेतलंच की. तयारी जास्त लागते, एवढंच.

वैद्यकीय प्रश्नांइतकेच दुसरे प्रश्न नेटाने विचारा. मूल संस्थेत कुणी आणलं? आई हयात आहे का? संमती कुणी दिली, कधी, तिला कळेल अशा भाषेत? तिच्या नातेवाइकांचा शोध घेतला होता का? भावंडं आहेत का, ती कुठे आहेत? आमच्या कागदांत 'भावंडं: एक' असं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. आम्ही विचारलं म्हणून कळलं की तो धाकटा भाऊ त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे.

हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतील, पण त्यामागे इतिहास आहे. २००७ मध्ये चाडमधून एका फ्रेंच संस्थेने १०३ मुलं 'अनाथ' म्हणून विमानाने न्यायचा प्रयत्न केला. बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. २०१० च्या भूकंपानंतर हैतीतून ३३ मुलं सीमेपलीकडे नेताना अमेरिकन मिशनरी पकडले गेले, तिथेही तेच. आपत्तीत दत्तकासाठी धावून जाऊ नये, असं जाणकार म्हणतात ते म्हणूनच. आणि दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं की कित्येक दशकं परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या, जिवंत आईबाप असलेल्यांना कागदावर बेवारस ठरवलं गेलं. ती मुलं आज मोठी झालीयत आणि त्यांतली कित्येक स्वतःचं खरं नाव शोधतायत. उद्या तुमचं मूल हाच प्रश्न तुम्हाला विचारेल, तेव्हा 'आम्ही विचारलं होतं' एवढं तरी म्हणता यावं.

नकार द्यावासा वाटला तर द्या. आम्ही एकदा दिला. त्याबद्दल मी अजून फार लिहू शकत नाही.

पायरी ७: परवानग्यांचा क्रम

हेग दत्तकात मूल ताब्यात देण्याआधी दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची संमती लागते, आणि मुलाला तुमच्या देशात प्रवेश व वास्तव्य मिळेल हे ठरलेलं असावं लागतं. म्हणजे आधी तुमच्या देशाची इमिग्रेशन मंजुरी, नंतर तिकडचा दत्तक आदेश. उतावळेपणाने आधी न्यायालयाचा आदेश मिळवला की व्हिसाचं गाडं अडकतं. आदेश कोण देतं तेही देशागणिक बदलतं; भारतात २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात.

आदेशानंतर 'दत्तक करारानुसार झालं' असं प्रमाणपत्र मिळतं. ते असलं की करारातले बाकी देश दत्तक आपोआप मानतात. तो कागद त्याच कार्यालयाच्या पायरीवर बसून वाचा. जन्मतारीख, नावं, सगळं. आमच्यात मुलाच्या जागी मुलगी लिहिलं होतं. परतीचं तिकीट पाच दिवस पुढे गेलं.

पायरी ८: भेट आणि पहिले महिने

काही देशांत एक फेरी पुरते, काहींत दोन. मुक्काम काही दिवसांचा ते काही आठवड्यांचा. भाषेतली दहा वाक्यं पाठ असू द्या: भूक लागली का, दुखतंय का, शू आली का, मी इथेच आहे, आपण परत येऊ. सांभाळणाऱ्या ताईंना विचारा: झोपताना काय करतं, कुठल्या साबणाचा वास ओळखीचा, कशाची भीती. मुलाच्या अंगावरचे कपडे आणि पांघरूण मिळत असेल तर मागून घ्या. धुऊ नका.

मूल तुमच्या गळ्यात पडलं नाही तर बरंच आहे. सांभाळणाऱ्या बाईला बिलगून रडलं, म्हणजे त्याला जीव लावता येतो. कुणाच्याही मांडीवर हसत जाऊन बसणाऱ्या मुलाची काळजी जास्त करा.

घरी आल्यावर डॉक्टरांकडे संपूर्ण तपासणी: रक्त, हिपॅटायटिस, क्षयरोग, एचआयव्ही, जंत, डोळे, कान. लसीकरणाच्या जुन्या कार्डावर डोळे झाकून विसंबू नका. पहिले काही आठवडे भरवणं, आंघोळ, कुशीत घेणं फक्त आईबाबांनी करायचं. आजी-आजोबांना वाईट वाटतं, त्यांना आधीच समजावून सांगा. स्वागत समारंभ नको. आमच्या मुलीच्या उशीच्या अभ्र्यात दुसऱ्या आठवड्यात पावाचे तुकडे सापडले, काही बुरशी आलेले. मी ते काढून टाकले तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि चूक कळली. मग एक झाकणाचा डबा तिच्या पलंगाशेजारी ठेवला, रोज तिच्यासमोर भरायचा. सात महिन्यांनी तिने तो स्वतःच स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मातृभाषा फार भराभर जाते, काही महिन्यांत. ती टिकवायची असेल तर बोलणारं माणूस आठवड्याला घरी यायला हवं. नुसती गाणी लावून भागत नाही.

पायरी ९: शेवटचे कागद

मूल घरी आलं की लोक फाइल कपाटात टाकतात, आणि नागरिकत्व राहून जातं. ते आपोआप मिळालं असं गृहीत धरू नका, प्रमाणपत्र हातात घ्या. अमेरिकेत आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला, पण त्या दिवशी १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना तो मिळाला नाही. आईबापांनी कधी अर्ज केला नाही म्हणून मोठेपणी ज्या देशाची भाषाही येत नाही तिथे परत पाठवले गेलेले दत्तक लोक आहेत.

मुलाच्या देशाला प्रगतीचे अहवालही पाठवायचे असतात. भारतासाठी दोन वर्षं, काही देशांसाठी त्याहून कितीतरी जास्त. कंटाळा करू नका. अहवाल येत नाहीत या कारणावरून देश पुढच्या कुटुंबांना अडवू शकतात.

सगळे मूळ कागद, सांभाळणाऱ्या ताईंचं पत्र, संस्थेच्या दाराचा फोटो, विमानाची तिकिटं एका पेटीत ठेवा आणि स्कॅन करून दुसरीकडेही ठेवा. आमची पेटी आधी माझ्या कपाटात सगळ्यात वर होती. गेल्या वर्षी मुलीने खुर्ची लावून ती काढायचा प्रयत्न केला. आता ती खालच्या कप्प्यात आहे, कुलूप नाही.